मासे गॅलरीत आणि मोटारी अंगणात

घरात जागा नाही म्हणून माशांची मोठी काचेची पेटी गॅलरीत ठेवावी, असे सांगणाऱ्या माणसाशी माझे भांडण आहे. हे भांडण मी प्रथम स्वतःशीच केले, तेव्हा दोन्ही पक्षांची कैफियत मला तोंडपाठ आहे. विषय क्षुल्लक वाटेल. दिवाळी अंकात वाद घालायचा तर तो नवकाव्यावर घालावा, नाट्यपरीक्षणावर घालावा. माशांच्या पेटीवर कसला वाद, असे कुणी म्हणेल. परंतु माझ्या पेटीपायी खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंच्या खुर्चीवर छताचा पाटाएवढा गिलावा कोसळला आहे. बाई पाचच मिनिटांपूर्वी चहा घ्यायला आत उठून गेल्या होत्या. त्या उठल्या नसत्या तर आज मी लेखाऐवजी निराळेच कागद लिहीत बसलो असतो. ज्या गोष्टीने माणसाचा जीव जाऊ शकतो, ती क्षुल्लक म्हणता येत नाही.

मी बेलवलीला राहतो. बेलवली हे बदलापुरातले जुने गाव. पण आता गाव कसले, इमारतींच्या मधूनमधून एखादे कौलारू घर आणि एखादा आंबा डोकावतो, एवढेच गावपण उरले आहे. मुंबईत ज्यांना दोन खोल्या परवडल्या नाहीत ते डोंबिवलीला गेले, डोंबिवलीत जमले नाही ते अंबरनाथला, आणि तिथेही ज्यांचे भागले नाही ते आम्ही. माणूस इथे येतो तो जागेसाठी. आल्यावर त्याच्या ध्यानात येते की जागा इथेही बेतशीरच आहे. फक्त तिच्याकडे पोहोचायला वेळ जास्त लागतो. माझा दिवाणखाना दहा बाय चौदा. त्यात दिवाण, कपाट, टीव्ही, नातवाचे अभ्यासाचे टेबल, आणि दार उघडायला लागणारे अर्धवर्तुळ. उरलेल्या जागेत आम्ही पाच माणसे.

अशा बिऱ्हाडात सहा फुटी फिशटँक आला. माझ्या एका स्नेह्यांची बदली झाली, पेटी त्यांना नेता येईना, आणि माझी माशांची आवड त्यांना ठाऊक होती. ही आवड लहानपणची. मुंबईला चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. वडिलांनी मला तिथे नेले ते पुढे कितीतरी वर्षांनी, पण त्या अंधाऱ्या दालनातल्या उजळलेल्या काचा माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेल्या नाहीत. तेव्हा पेटी फुकट मिळते म्हटल्यावर मी नको म्हणणे शक्य नव्हते. सौभाग्यवतींनी दिवाणखान्याकडे बोट दाखवून एवढेच विचारले, की दिवाण बाहेर काढायचा की मला? मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, गॅलरीत ठेवा बिनधास्त. गॅलरी काय कागदाची असते का? स्लॅबच असतो. शिवाय मोकळी हवा, ऊन, मासे खूश." या चार वाक्यांपैकी एकही खरे नव्हते, हे कळायला मला दीड वर्ष लागले.

आधी वजनाचे बघू. हा हिशेब शाळकरी पोराचा आहे आणि तो मी पेटी आणण्यापूर्वी करू शकलो असतो. एक घनफूट पाणी म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी म्हणजे २४ घनफूट. म्हणजे सुमारे ६८० लिटर. पाण्याचा लिटर एक किलोचा. बारा मिलिमीटर जाडीच्या काचा सव्वाशे किलोंच्या जवळपास. तळाची वाळू, दगडगोटे आणि लोखंडी अँगलचे स्टँड धरले की आकडा ९०० किलोंच्या आसपास जातो. चौदा धडधाकट माणसे बारा चौरस फुटांत एकमेकांना खेटून, रात्रंदिवस, न हलता उभी आहेत, असे समजा. आपल्या देशातली घरे ज्या भारतीय मानकानुसार बांधायची असतात, त्यात राहत्या घराच्या बाल्कनीवरचा भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरला आहे. म्हणजे साधारण ३०० किलो. माझ्या पेटीखाली तो चौरस मीटरला ८०० किलो होता. एक फूट खोल पाण्याचा भारच चौरस मीटरला ३०० किलो होतो, हे ज्याने एकदा नीट ध्यानात घेतले तो गॅलरीत दोन फूट पाणी भरणार नाही.

यावर हुशार माणसे म्हणतात की भार सबंध गॅलरीचा मिळून धरायचा असतो, आणि बाकीची गॅलरी तर रिकामीच आहे. पण गॅलरी ही बहुधा एकाच अंगाने इमारतीत रोवलेली फळी असते. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरून उभे राहा, आणि मग तीच बादली हात लांब करून धरा. बादली तेवढीच, वजन तेवढेच; पण खांद्याला विचारा. आणि आपण पेटी ठेवतो कुठे? कठड्याशी, अगदी बाहेरच्या कडेला. कारण आतल्या बाजूला दार उघडायचे असते, कपडे वाळत घालायचे असतात. दुसरे हुशार म्हणतात, गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी आहेच ना? आहे, पण ती नकाशात आहे, तिच्याखाली त्या हिशेबाने तुळया आणि खांब आहेत. माझी पेटी कुणाच्याच नकाशात नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात गॅलरी भिंतीला मिळते तिथे केसाएवढी चीर दिसली. मी तीत पांढरे सिमेंट भरले. फिल्टर साफ करताना सांडणारे पाणी, पाणी बदलताना सांडणारे पाणी आणि पावसाचे पाणी, सगळे त्या चिरेतून खाली जात होते. आतली सळई गंजत होती. लोखंड गंजले की फुगते आणि अंगावरचे काँक्रीट फोडून टाकते. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस खालच्या छताने तो गिलावा सोडला. इंजिनीअर पाहायला आले. भार आणि ओल या दोहोंनी मिळून हे केले, असे त्यांनी सांगितले, आणि वर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते सांगण्यासारखे नाही. खालचे गृहस्थ मात्र एक शब्द बोलले नाहीत. ते शिव्या देतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी मला आत बोलावले आणि ती खुर्ची दाखवली.

हे झाले माणसांचे. माशांचे त्याआधीच, मे महिन्यातच होऊन गेले होते.

बदलापूरचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याला "मोकळी हवा, ऊन" हे शब्द ऐकूनच घाम फुटावा. समुद्राचा वारा आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर दमून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेल्याच्या बातम्या वर्षाआड वाचायला मिळतात. काचेची पेटी चारी बाजूंनी उघडी. तळ्याला ऊन लागते ते वरून. पेटीला ते वरून लागते, समोरून लागते, आणि दुपारनंतर बाजूनेही लागते. पाण्याचा गुणधर्म असा, की ते जितके तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तीस अंशांना साडेसात, पस्तीस अंशांना सातच्याही किंचित खाली. उलट पाणी तापले की माशाची गरज वाढते. म्हणजे उन्हात एकीकडे ताटातले अन्न कमी होते आणि दुसरीकडे भूक वाढते. ही तफावत आपण हवेचा पंप लावून भागवतो, आणि पंप विजेवर चालतो.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. मी कल्याणला गेलो होतो. सहा वाजता परतलो तेव्हा पाणी हाताला कोमट लागत होते, आणि अकरा गोल्डफिशांपैकी नऊ काचेशी पोटे वर करून तरंगत होते. दोन पाण्याच्या पृष्ठावर तोंड काढून धापा टाकत होते. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. वीस-बावीस अंशांत सुखाने राहणारा. त्याला मी बेलवलीच्या उन्हात काचेत उभे केले होते. भाजीवाल्यानेही पालेभाजी अशी ठेवली नसती.

ते दोन जगले कसे, ते सांगतो. कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला आंब्याखाली एक दगडी डोण पडलेली होती. इमारत व्हायच्या आधी इथे जे घर होते, त्यांच्या गुरांना पाणी पाजायची. चार फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर खोल. पावसाचे पाणी तीत साठे, कावळे अंघोळ करीत. घाईघाईने मी तीत नळाचे पाणी भरले. रात्रभर तसेच ठेवायला हवे होते, क्लोरीन उडून जायला. पण तेवढा वेळ नव्हता. दोन बादल्या पेटीतल्याच पाण्याच्या ओतल्या आणि ते दोन मासे सोडले. सकाळी गेलो ते मेलेले मासे उचलायच्या तयारीने. दोघे आंब्याच्या सावलीत तळाशी हिंडत होते. ना पंप, ना फिल्टर, ना दिवा. पावसाळा आला, डोण भरून वाहू लागली. मी वर जाळी बांधली. हिवाळा गेला, दुसरा मे आला. दगड गार, सावली दाट, मासे दोनच. ते त्या डोणीत तीन वर्षे राहिले, आणि अजूनही राहिले असते.

आता मला सांगा, बाहेर मासे ठेवायला काय हरकत आहे? काहीच नाही. हरकत आहे ती काचेची पेटी बाहेर ठेवायला. जागा कमी म्हणून आपण पेटी बाहेर काढतो. काढायला हवा तो पेटीचा विचार.

ही काचेची पेटी काय सनातन आहे? तिला जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली असतील. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला, काच स्वस्त झाली. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचे परस्परांवर कसे भागते ते दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे पुस्तक निघून 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ झाला. थंड, ढगाळ देशातल्या दिवाणखान्यात, खिडकीच्या मंद उजेडात, अंगणात बसायची सोय नसलेल्या लोकांनी काढलेली ही युक्ती. त्यांच्या हवेला ती ठीक होती. गोल्डफिश ज्यांनी माणसाळवला ते चिनी लोक त्याला शेकडो वर्षे तळ्यांत आणि मोठमोठ्या मातीच्या कुंडांत ठेवीत आले, आणि वरून पाहत आले. जपानात निइगाताच्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांनी कोई मासे रंगवले ते तळ्यांतच. म्हणूनच या माशांचे सारे सौंदर्य पाठीवर आहे. आपण त्यांना काचेत उभे करून त्यांच्या बरगड्या न्याहाळतो. आणि आपल्याकडे तरी काय? वाड्यात हौद होता, देवळापुढे कुंड होते, विहिरीत मासे नि कासव असे. पाण्याला बसायला जागा होती. ती गेली आणि तिच्या बदली आपण पेटी आणली. आणि आता पेटीलाही जागा नाही म्हणून तिला कठड्याशी नेऊन उभी करतो.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे, की मोठे पाणी हवे असेल तर ते जमिनीवर असावे, अपारदर्शक भिंतींचे असावे, सावलीत असावे, आणि शक्य तर दहा घरांचे मिळून एक असावे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच विटांचा हौद घ्या. त्यात सतराशे लिटर पाणी मावते. माझ्या पेटीच्या अडीचपट. वजन पावणेदोन टन, पण ते जमिनीला. आणि जमीन तक्रार करीत नाही. फक्त इमारतीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर किंवा गटाराच्या झाकणावर तो बांधू नये, एवढी अक्कल ठेवावी. तेवढेच मासे ठेवले तर प्रत्येक माशाच्या वाट्याला पाण्याचे उघडे अंग दुप्पट येते, आणि प्राणवायू पाण्यात शिरतो तो त्या उघड्या अंगातूनच. वीज गेली तर जाऊ दे.

हौद बांधणारे एक चूक हमखास करतात. आज गिलावा केला, आठ दिवसांनी पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले, सकाळी मेले. मग म्हणतात हौद लाभत नाही. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की माशांची कल्ले भाजून निघतात. हौद भरावा, चारपाच दिवसांनी रिकामा करावा, पुन्हा भरावा; असे तीनचार वेळा करावे. मासे पाळणारे जुने लोक त्या पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून कुजवतात, त्याने चुन्याचा जोर लवकर मोडतो. मग ते घाण पाणी सोडून देऊन हौद धुऊन घेतात. घाई करू नये. त्यानंतरही मासे एकदम सोडू नयेत; दोनचार सोडावेत आणि महिनाभर थांबावे. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू हौदाच्या भिंतीवर वसायला तेवढे दिवस घेतात. शेवाळाचा हिरवा थर दिसू लागला की तो खरवडून 'स्वच्छ' करणारा माणूस हौदाजवळ फिरकू देऊ नये. वरच्या काठापासून चार बोटे खाली एक इंची पाइप काढून त्याला जाळी बांधावी, म्हणजे आषाढातल्या पावसात पाणी वाहून जाईल आणि मासे राहतील. वर लोखंडी जाळीचे झाकण हवेच. मांजर, खंड्या आणि बगळा हे तिघे आमच्याकडे उल्हास नदीमुळे मुबलक आहेत.

या झाकणाचे खरे कारण मात्र निराळे आहे, आणि हौदाविरुद्धच्या साऱ्या आक्षेपांत मी ज्याला मान देतो तो हाच आक्षेप. लहान मूल. अडीच फूट पाणी मुलाला पुरेसे असते. म्हणून जाळी कुलूपबंद हवी, बोटाएवढ्या सळईची हवी, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे हवी. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी हौद बांधू नये. इथे मी वाद घालत नाही.

बाकीच्या आक्षेपांशी मात्र घालतो. डासांचा आक्षेप घेणाऱ्यांची मला मौज वाटते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठदहा दिवस पुरतात. पण ते पाणी बिनमाशांचे असावे लागते. गप्पी मासे फुकट वाटणाऱ्या नगरपालिका आपल्याकडे कशासाठी आहेत? ज्या गृहस्थांनी सभेत डासांचा मुद्दा काढला त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या मी नंतर सहज पाहिल्या. त्यांत अळ्या वळवळत होत्या.

दुसरा आक्षेप पाण्याचा. नळाला पाणी मोजूनमापून येते, आणि तुम्ही माशांना हौद भरता? आक्षेप बिनतोड वाटतो. हिशेब केला की विरतो. हौद एकदा भरायचा. त्याचे उघडे अंग २४ चौरस फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आत. भर उन्हाळ्यात दिवसाला पाऊण सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले तरी ते सोळासतरा लिटर होते. एक मोठी बादली. महिन्यातून जे पाणी बदलायचे ते झाडांना घालावे. नळाच्या पाण्यापेक्षा झाडांना ते अधिक मानवते. याच अंगणात दर रविवारी मोटारी धुतल्या जातात, तेव्हा नळीला बादलीचा हिशेब कुणी लावीत नाही.

मोटारींवर आलोच आहे तर सांगून टाकतो. ती दगडी डोण आता तिथे नाही. सोसायटीने आंब्याखालची जागा 'सुधारली'. फरश्या बसवल्या, पिवळे पट्टे ओढले, आणि डोण फोडून तिचे तुकडे भरावात टाकले. मला आठ दिवसांची नोटीस दिली होती, हे मान्य केले पाहिजे. दोन मासे मी एका मित्राकडे पोहोचवले. आता तिथे जी मोटार उभी असते तिचे मालक रोज सकाळी लोकलने मुंबईला जातात आणि रात्री लोकलने परत येतात. मोटार सहा दिवस सावलीत विश्रांती घेते. एका मोटारीला जागा लागते अडीच बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३४ चौरस फूट. हौदाला लागतात २४. आमच्या आवारात तेरा मोटारी आहेत. जागा नाही असे जेव्हा कमिटी म्हणते, तेव्हा तिचा अर्थ जागा वाटून झाली आहे असा घ्यायचा असतो. मी हौदासाठी अर्ज केला तेव्हा मला सांगितले गेले की इमारतीभोवतीची वाट आगीच्या बंबासाठी मोकळी ठेवावी लागते. अगदी खरे आहे, आणि ती मोकळी ठेवलीच पाहिजे. त्या वाटेवर त्या वेळी चार मोटारी उभ्या होत्या.

आणि गंमत अशी, की याच आवारात दिवाळीत मुले किल्ला करतात. तिथे कुणाची हरकत नसते. किल्ल्याच्या पायथ्याशी तळे हवे म्हणून यंदाही मुलांनी एक घमेले मातीत पुरून त्यात पाणी भरले आहे, आणि कुणीतरी त्यात गप्पी मासे सोडले आहेत. संध्याकाळी पणत्या लावल्या की किल्ल्यावरच्या मावळ्यांकडे कुणी पाहत नाही. सगळी पोरे, आणि पोरांच्या मागे उभे राहिलेले त्यांचे बापही, घमेल्यावर वाकलेले असतात. त्यांतला एक बाप कमिटीवर आहे.

एक तिसरा पक्ष आहे, आणि तो माझ्यावर वरच्या बाजूने येतो. मासे नदीतच असावेत, त्यांना कोंडणेच पाप, असे तो म्हणतो. मला या पक्षाविषयी आदर आहे. पण त्याने गोल्डफिश आणि नदी यांची गल्लत करू नये. गोल्डफिश हा कोंबडीसारखा घरचा प्राणी आहे, त्याला नदी माहीत नाही. आणि घरचा मासा नदीला मानवत नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. पेटीतली घाण खातो म्हणून विकला जाणारा 'सकर' मासा मुळात दक्षिण अमेरिकेतला; लोकांनी कंटाळून सोडलेला तो आता आपल्या तळ्यांत आणि धरणांत सापडतो, आणि उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो. बेलवलीला हे विसरता येत नाही. २६ जुलै २००५ चा पूर आमच्याकडे ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. अशा नदीच्या काठी उघडा हौद म्हणजे अर्धा नदीचाच. म्हणून पुराचे पाणी जिथे चढते तिथे हौद नको. आणि जिथे चढत नाही तिथेही सकर, मांगूर, तिलापिया नकोत. जलपर्णी तर नकोच. नदीला ती आधीच पुरेशी आहे. इथली वलगण ज्याने पाहिली आहे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे पाहिले आहेत, त्याला त्या वाटेत परका मासा सोडावासा वाटणार नाही.

माशांना घालायचे तेही बेताने. वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्या वाचाव्या. लोक श्रद्धेने पिठाचे गोळे नि अन्न सोडतात, ते कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मासे गुदमरून मरतात. एवढ्या मोठ्या कुंडाची ही कथा. तिथे हौदाचा काय पाड. पाच मिनिटांत संपेल तेवढेच, दिवसातून एकदा. सोसायटीच्या हौदाला ही एक भीती मला खरीच वाटते. चाळीस घरांतली प्रेमळ माणसे जाताजाता एकेक बिस्किट टाकतील.

आणि ज्यांना अंगणच नाही, चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांनी काय करावे? त्यांनी लहान पेटी घरात ठेवावी. दीड फुटाची, भिंतीला लागून, उन्हापासून दूर, दहापंधरा गप्पी घालून. मोठीच हवी हा हट्ट बहुधा माशांचा नसतो. माझी सहा फुटी पेटी मी मोडीत काढली. काचा एका फ्रेमवाल्याने नेल्या. स्टँडवर आता कपड्यांच्या घड्या असतात आणि ते, वाचकांनी हसू नये, दिवाणखान्यात मावले आहे.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव पुन्हा मांडणार आहे. गेल्या वर्षी तो अनुमोदनाअभावी पडला. मजकूर असा: आवाराच्या मागील बाजूस, आंब्याखाली, बंबाची वाट सोडून, पार्किंगच्या पट्ट्यातून २४ चौरस फूट जागा हौदाकरिता द्यावी, वर कुलूपबंद लोखंडी जाळी असावी, बांधण्याचा आणि देखभालीचा खर्च सूचकाने करावा, किल्ली सूचकाकडे असावी. या वेळी मी अनुमोदक म्हणून खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना विचारले. मी विचारायला धजणार नव्हतो; त्यांच्या आईच परवा जिन्यात भेटल्या, आणि आंब्याखालचे ते दोन मासे कुठे गेले म्हणून त्यांनी चौकशी केली. चिरंजीवांनी कागद वाचला, किल्लीचे वाक्य खोडायला लावले आणि त्या जागी 'किल्ली तळमजल्यावर असावी' असे लिहून खाली सही केली.